क्रेंको घेऊन कमांडर डेक बांधू या: पहिल्या पत्त्यापासून ते पन्नासाव्या बदलापर्यंत

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळायला लागलं की सुरुवातीचे काही महिने बाजारातल्या तयार डेकवर (म्हणजे पत्त्यांच्या गठ्ठ्यावर) नाहीतर मित्राच्या उसन्या डेकवर निघून जातात, आणि मग हळूहळू वाटायला लागतं की आता आपला स्वतःचा पाहिजे, आपण निवडलेला, आपल्या डोक्याने चालणारा. इथपर्यंत सगळं ठीक असतं. पुढे काय होतं तर माणूस एखादी वेबसाइट उघडतो, आवडलेली कार्डं टाकत सुटतो, बघतो तर यादीत 160 कार्डं झालेली असतात, काय काढायचं सुचत नाही, मग कुणाची तरी लिस्ट जशीच्या तशी कॉपी करून विषय संपतो.

तर हा लेख त्या 160 पासून 100 पर्यंत कसं यायचं आणि 100 झाल्यावर पुढे काय करायचं यावर आहे. उगाच हवेत बोलण्यापेक्षा एकच कमांडर धरून बोलतो: क्रेंको, मॉब बॉस. एकच रंग आहे, लाल, त्यामुळे लँडचा (मॅना, म्हणजे कार्डं खेळायची ताकद, देणाऱ्या कार्डांचा) गोंधळ नाही, बरीचशी कार्डं स्वस्त आहेत, आणि डेक बांधताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या गडबडी क्रेंकोच्या डेकमध्ये उठून दिसतात.

नियम थोडक्यात, नवीन लोकांसाठी. कमांडर फॉरमॅटमध्ये (मॅजिक खेळायचा एक प्रकार) डेक बरोबर 100 कार्डांचा, त्यातलं एक कमांडर, म्हणजे एखादा लेजेंडरी क्रीचर (लढणारं पात्र), उरलेली 99. बेसिक लँड सोडून प्रत्येक कार्डाची एकच कॉपी. कमांडरच्या कार्डावर जे रंग आहेत त्याबाहेरचा रंग डेकमध्ये चालत नाही, रंगहीन कार्डं चालतात. सहसा चार जण खेळतात, प्रत्येकाचं लाइफ 40. कमांडर बाजूला उघडा ठेवलेला असतो, हवा तेव्हा खेळायचा, मेला की परत बाजूला ठेवता येतो पण पुढच्या वेळी 2 मॅना जास्त, त्याच्या पुढच्या वेळी 4 जास्त. एकाच कमांडरचं 21 कॉम्बॅट डॅमेज खाल्लं की तो खेळाडू बाद.

पहिली पायरी: कमांडरचं कार्ड नीट वाचा, मग परत वाचा

क्रेंको 4 मॅनाचा आहे, 3/3 (पहिला आकडा मारायची ताकद, दुसरा सोसायची), आणि त्याचं काम एका ओळीचं: त्याला टॅप करायचं (वापरला म्हणून कार्ड आडवं करायचं), तुमच्याकडे जितके गॉब्लिन (क्रीचरचा एक प्रकार) आहेत तितके नवीन 1/1 गॉब्लिन टोकन (डेकबाहेरून येणारे क्रीचर) येतात. तो स्वतः गॉब्लिन आहे, म्हणजे एकटा असला तरी एक टोकन देतो. पुढच्या टर्नला (पाळीला) दोनाचे चार, मग आठ, मग सोळा.

हे वाचून सगळ्यांच्या डोक्यात पहिला विचार हाच येतो की चला, भरा गॉब्लिन, चाळीस गॉब्लिन टाका. आणि इथेच जरा थांबायचं. गॉब्लिन कोण बनवतोय? क्रेंको बनवतोय, फुकटात, दर टर्नला दुप्पट. म्हणजे डेकला ज्या गोष्टीची अजिबात कमतरता पडणार नाही तीच आपण हौसेने भरतोय. मग कमतरता कशाची पडणार? कार्ड वाचलं की कळतं. त्याला टॅप करायचं आहे, म्हणजे आल्या टर्नला तो काहीच करू शकत नाही, हेस्ट (आल्या आल्या टॅप करता येण्याची क्षमता) पाहिजे. लाल रंगाला कार्ड ड्रॉ (जास्तीची कार्डं उचलणं) कमी, म्हणजे हात लवकर रिकामा होणार. तीस गॉब्लिन जमले तरी 1/1 चे तीस, समोरच्याने एक बोर्डवाइप (टेबलावरचे सगळे क्रीचर मारणारं कार्ड) टाकला की सगळे साफ, म्हणजे ते जमल्या जमल्या वापरून टाकायची सोय पाहिजे. आणि टेबलावर बसलेल्या तिघांनाही क्रेंको काय करतो हे पाठ असतं, त्यामुळे रिमूव्हल (समोरचं एखादं कार्ड काढून टाकणारं कार्ड) पहिला त्याच्यावरच येणार.

कुठलाही कमांडर घ्या, हाच प्रश्न विचारायचा: हा मला काय फुकट देतो, आणि काय देत नाही? जे देत नाही ते उरलेल्या 99 मध्ये भरायचं.

दुसरी पायरी: आधी जागा वाटा, कार्डांची नावं नंतर

एक कागद घ्या, मोबाइलवरची नोट पण चालेल. कार्डाचं एकही नाव न लिहिता कामं लिहा आणि प्रत्येक कामाला किती जागा ते ठरवा. क्रेंकोसाठी मी असं वाटप करतो: लँड 36, रॅम्प (लँडशिवाय जास्तीचा मॅना देणारी कार्डं) 10, कार्ड ड्रॉ 10, हेस्ट 6, गॉब्लिनांचं रूपांतर डॅमेजमध्ये करणारी कार्डं 8, रिमूव्हल आणि बोर्डवाइप मिळून 9, क्रेंकोला वाचवणारी 3. झाले 82. उरल्या 17 जागा, त्या गॉब्लिनांना.

फक्त सतराच? हो. पण गंमत अशी की एकच कार्ड दोन कामं करतं. गॉब्लिन चीफटन हेस्ट देतो आणि स्वतः गॉब्लिन आहे, स्कर्क प्रॉस्पेक्टर गॉब्लिन मारून लाल मॅना देतो म्हणून तो रॅम्पमध्ये, गॉब्लिन रिंगलीडर वरची चार कार्डं उघडून त्यातले गॉब्लिन हातात देतो म्हणून तो ड्रॉमध्ये. असे धरले तर गॉब्लिन पंचवीसच्या आसपास आरामात जातात. दोन कामं करणारं कार्ड मिळालं की ते बहुतेक वेळा डेकमध्ये राहतंच.

आता या आकड्यांमागचं गणित, कारण "लँड 36 च का, 30 का नाही" हे दर वेळी कोणीतरी विचारतंच. चार जणांच्या खेळात पहिला खेळणाराही पहिल्या टर्नला कार्ड उचलतो, म्हणजे चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही सुरुवातीच्या हातातली 7 अधिक 4, अशी 11 कार्डं बघता. 99 मध्ये 36 लँड असतील तर 11 कार्डांत सरासरी बरोबर 4 लँड येतात. क्रेंको चार मॅनाचा. 30 लँड ठेवलीत तर सरासरी 3.3 वर येते, आणि ही सरासरी आहे हे विसरू नका, म्हणजे बरेच डाव त्याच्याही खाली जाणार. लँड कापून अजून एक भारी कार्ड बसवायचा मोह सगळ्यांना होतो. लँड हे सगळ्यात कंटाळवाणं कार्ड आहे आणि ते हातात नसलं की बाकी सगळी भारी कार्डं नुसती बघत बसायची.

रॅम्पचं तसंच. डेकमध्ये रॅम्पची 10 कार्डं असली तर दुसऱ्या टर्नपर्यंत त्यातलं निदान एक दिसायची शक्यता साधारण 63 टक्के. 5 च असली तर 39 टक्के. एखादी गोष्ट तुम्हाला दर डावात घडायला हवी असेल तर ती दहाच्या आसपास पाहिजे, कधीमधी घडली तरी चालेल असं असेल तर तीन-चार बास. एकुलतं एक कार्ड धरून प्लॅन आखाल तर 12 कार्डं बघितल्यावरही ते दिसायची शक्यता 12 टक्केच असते.

तिसरी पायरी: आता नावं भरा, पण प्रत्येक कार्ड डावात ठेवून बघा

या तीन वेबसाइट वापरा: स्क्राइफॉलवर लाल आणि रंगहीन कार्डं शोधा, ईडीएचरेकवर क्रेंकोच्या पानावर बाकीचे काय वापरतात ते बघा, मॉक्सफील्डवर यादी करा. ईडीएचरेक चांगलंच आहे पण ते फक्त सांगतं की लोक काय वापरतात, का वापरतात ते सांगत नाही. जुन्या लिस्टमधून नावं उचलताना एक सांभाळा: डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट हा गॉब्लिन सप्टेंबर 2024 मध्ये बॅन झाला, त्याच वेळी मॅना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस पण गेले. जुन्या लिस्टमध्ये हे तिघं हमखास सापडतात.

कार्ड बघताना "हे चांगलं आहे का" असं विचारू नका. चौथ्या टर्नला, क्रेंको टेबलावर येण्याच्या आधी किंवा नंतर, हे हातात आलं तर मी काय करेन, असं विचारा. एक डाव मांडून दाखवतो.

दुसऱ्या टर्नला ड्रॅगन फॉडर, दोन मॅना, दोन गॉब्लिन टोकन. तिसऱ्या टर्नला गॉब्लिन वॉरचीफ, तीन मॅना, त्याच्यामुळे सगळ्या गॉब्लिनांना हेस्ट आणि गॉब्लिन कार्डं एक मॅनाने स्वस्त. चौथ्या टर्नला चार लँड आहेत: आधी एक मॅनाचा स्कर्क प्रॉस्पेक्टर, मग क्रेंको, जो आता तीन मॅनाला पडतोय. गॉब्लिन मोजा: दोन टोकन, वॉरचीफ, प्रॉस्पेक्टर, क्रेंको, झाले पाच. क्रेंकोला हेस्ट आहे, लगेच टॅप, पाचाचे दहा. पाचव्या टर्नला वीस.

आता हाच डाव हेस्टशिवाय, रॅम्पच्या जोरावर. दुसऱ्या टर्नला आर्केन सिग्नेट, तिसऱ्या टर्नला चार मॅना, क्रेंको एक टर्न आधीच टेबलावर. दिसायला जास्त भारी दिसतं, हो ना? पण तो नुसता बसून आहे, तुमची टर्न परत यायच्या आत तीन जणांच्या तीन टर्न होणार आणि त्यातल्या एकाकडे तरी रिमूव्हल असतंच. समजा वाचला, तरी चौथ्या टर्नला एकाचे दोनच होणार. म्हणून माझा नियम: ज्या टर्नला क्रेंको आला त्याच टर्नला टॅप होणार असेल तरच त्याला खाली ठेवायचा, नाहीतर अजून एक टर्न थांबायचं.

यातून कार्डांची निवड आपोआप होते. क्रेंकोच्या आधी दोन मॅनाला दोन देह देणारी साधी कॉमन कार्डं, ड्रॅगन फॉडर, क्रेंकोज कमांड, मॉग वॉर मार्शल, दिसायला फालतू, पण डेकमध्ये पाहिजेतच. पाच मॅनाचा सीज-गँग कमांडर नाव मोठं असलं तरी क्रेंको आल्यानंतरच्या टर्नला येतो, एखादाच पुरे.

हेस्टसाठी चीफटन, वॉरचीफ, लाइटनिंग ग्रीव्हज, स्विफ्टफुट बूट्स, फर्व्हर, हॅमर ऑफ पर्फोरोस ही सहा, आणि हॅनवेअर बॅटलमेंट्स हे लँड असून एका लाल मॅनात हेस्ट देतं म्हणून ते लँडच्या 36 मध्येच धरलेलं. अशी सात असली की चौथ्या टर्नपर्यंत एक तरी दिसायची शक्यता 57 टक्के होते, तीनच असती तर 30. शिवाय गॉब्लिन मेट्रन डेकमधून हवा तो गॉब्लिन शोधून देते, म्हणजे वॉरचीफची अजून एक कॉपी असल्यासारखंच. ग्रीव्हजचं एक लक्षात ठेवा, ते श्राउड देतात (त्या क्रीचरवर कोणालाच नेम धरता येत नाही), म्हणजे क्रेंकोच्या पायात ते असेपर्यंत तुम्ही पण त्याला दुसरं इक्विपमेंट (क्रीचरला लावायचं हत्यार-सामान) लावू शकत नाही, आधी ते दुसऱ्या गॉब्लिनवर सरकवायचे. बूट्सना ही अडचण नाही, पण सरकवायला एक मॅना लागतो.

ड्रॉमध्ये स्कलक्लॅम्पच्या तोडीचं काही नाही. +1/-1 देतं, म्हणजे 1/1 टोकनला लावलं की ते मरतं आणि तुम्हाला दोन कार्डं मिळतात. एक मॅना, एक फुकटचा गॉब्लिन, दोन कार्डं, परत लावा, परत दोन. आयडॉल ऑफ ऑब्लिव्हियन पण बघाच, त्या टर्नला टोकन बनवलं असेल तर टॅप करून एक कार्ड, आणि आपण तर दर टर्नला टोकन बनवतोय. फेथलेस लुटिंग सगळे सुचवतात, पण त्याने हातातली कार्डं वाढत नाहीत, फक्त बदलतात, दोन घ्या दोन टाका, मला ते या डेकमध्ये दुय्यम वाटतं.

गॉब्लिनांचं डॅमेज करायला इम्पॅक्ट ट्रेमर्स, दोन मॅनाचं: तुमच्याकडे क्रीचर आलं की प्रत्येक विरोधकाला एक डॅमेज. दहाचे वीस झाले म्हणजे दहा नवीन आले, तिघांना दहा-दहा, हल्ला न करता. पर्फोरोस हेच काम दोन-दोनने करतो. गॉब्लिन बॉम्बार्डमेंट तर हवंच, कारण कोणी बोर्डवाइप टाकला की त्याला उत्तर म्हणून सगळे गॉब्लिन एकेक करून त्याच्याच डोक्यात मारता येतात. शेअर्ड अ‍ॅनिमॉसिटी हल्ल्यासाठी. कोट ऑफ आर्म्स लोकांना आवडतं पण ते समोरच्यांनाही लागू होतं, टेबलावर एखादा एल्फवाला असला की जपून.

रिमूव्हलमध्ये केऑस वॉर्प आधी टाका, लाल रंगाला एन्चँटमेंट काढायला फार काही नाहीच. आर्टिफॅक्टसाठी व्हँडलब्लास्ट. ब्लास्फेमस अ‍ॅक्ट कागदावर नऊ मॅनाचं, पण टेबलावर जितके क्रीचर तितकं स्वस्त, आणि क्रेंको चालू असला तर बहुतेक वेळा एका मॅनात पडतं.

चौथी पायरी: कापाकापी

आता यादी 130 वगैरे असेल. लग्नाच्या आमंत्रणाची यादी कापताना जे होतं तेच इथे होतं, प्रत्येक नावाला काहीतरी कारण असतं. म्हणून अख्खी यादी समोर ठेवून कापू नका, एकेक काम घ्या. ड्रॉच्या दहा जागांसाठी पंधरा कार्डं आली असतील तर त्या पंधरांची आपापसात लावा. स्कलक्लॅम्पची तुलना पर्फोरोसशी करायचीच नाही.

काढायला सगळ्यात सोपी कार्डं कोणती, तर जी फक्त तुम्ही जिंकत असताना चांगली असतात. तीस गॉब्लिन असताना सगळंच चांगलं दिसतं. क्रेंको दोनदा मेलाय, आता तो आठ मॅनाला पडणार आहे, टेबल रिकामं आहे, अशा वेळी हे कार्ड उचललं तर बरं वाटेल का? नाही वाटणार अशी दहाच्या वर कार्डं डेकमध्ये नकोत.

कॉम्बोचं (एकत्र आली की डाव संपवणारी कार्डांची जोडी) इथेच ठरवा. थॉर्नबाइट स्टाफ क्रेंकोला लावला आणि शेजारी स्कर्क प्रॉस्पेक्टर असला की एक गॉब्लिन मारायचा, क्रेंको अनटॅप, परत टॅप, असं संपेपर्यंत, आणि ते संपत नाही. कमांडर कायम हाताशी असल्यामुळे हे जमवायला फक्त दोन कार्डं लागतात. ठेवायचं की नाही हे तुमच्या ग्रुपवर. खेळ बनवणाऱ्या विझर्ड्स कंपनीने 2025 मध्ये कमांडर डेकचे पाच ब्रॅकेट (ताकदीनुसार गट) काढले, त्याचा उपयोग हाच, की खेळायला बसायच्या आधी "माझा डेक साधारण तीनमध्ये बसतो" एवढं सांगता येतं. रविवारी घरी गप्पा मारत खेळणाऱ्या मंडळींमध्ये मी स्टाफ बाहेर ठेवतो आणि त्या जागी इल्युजनिस्ट्स ब्रेसर्स घालतो: टॅप केल्यावर कॉपी आधी लागते आणि मग मूळ, म्हणजे चाराचे आठ आणि आठाचे सोळा एकाच टॅपमध्ये. तेवढंच पुरेसं भयानक दिसतं.

पाचवी पायरी: पैसे घालायच्या आधी खेळा

मॉक्सफील्डवर प्लेटेस्टचं बटण आहे, त्याच्यावर एकट्याने हात काढून पहिल्या पाच-सहा टर्न खेळून बघा, दहा-वीस वेळा, चहा पिता पिता होतं. बघायचं एवढंच: चौथ्या-पाचव्या टर्नला क्रेंको टॅप होतोय का, आणि सातव्या टर्नला हातात काही उरतंय का. मलिगनचा (सुरुवातीचा हात टाकून नवीन घेण्याचा) नियम माहीत असू दे, चौघांच्या खेळात पहिला मलिगन फुकट असतो, त्यामुळे दोन लँडवाला हात "बघू काय येतंय ते" म्हणून ठेवायचं कारण नाही.

मग कागदावर प्रिंट काढा, कापा, स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत) जुन्या लँडच्या पुढे घाला, झाला डेक. घरगुती खेळात याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, पण आधी विचारा. दुकानातल्या अधिकृत स्पर्धेत मात्र असलं चालत नाही. दोन-तीन आठवडे असे खेळलात की विकत काय घ्यायचं ते कळतं, आणि आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे कारण सुटी कार्डं बाहेरून मागवायची तर शिपिंग आणि कस्टम मिळून कार्डापेक्षा महाग पडतं. अमेरिकेतला मावसभाऊ दिवाळीला येणार असेल तर त्याच्या पत्त्यावर एकदमच ऑर्डर टाका, शंभर कार्डांना बॅगेत जागा ती किती लागते. सोल रिंग सुटी घेऊ नका, बहुतेक सगळ्या तयार कमांडर डेकमध्ये ती असतेच, ग्रुपमध्ये कोणाकडे तरी दोन जास्तीच्या निघतात.

सहावी पायरी: बदल, आणि इथून पुढे कायम बदलच

डेक 100 चा झाला म्हणजे झाला असं नसतं, खरी मजा पुढेच आहे. प्रत्येक खेळानंतर फोनवर तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठलं कार्ड हातात पडून राहिलं, कुठल्या कार्डाची सगळ्यात जास्त गरज वाटली, आणि हरलो तर कितव्या टर्नला आणि कशाने. एवढंच. एका खेळावरून काही काढू नका, माणसाला एक वाईट डाव आला की तो थेट लँड वाढवतो नाहीतर कमी करतो. तेच नाव चार-पाच खेळांत दोन-तीनदा आलं तर मग हात घाला.

बदलताना शक्यतो त्याच कामातलं कार्ड त्याच कामातल्या कार्डाच्या जागी. ड्रॉ काढून गॉब्लिन, रिमूव्हल काढून गॉब्लिन, असं करत करत सहा महिन्यांत डेक परत चाळीस गॉब्लिनांवर येतो, आणि मग "हल्ली हा डेक चालत नाही" अशी तक्रार सुरू होते. आणि एका वेळी तीन-चारच बदल करा, वीस एकदम केले तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

तक्रार आणि इलाज यांचा संबंध नेहमी सरळ नसतो. समजा लिहून ठेवलंय "क्रेंको सारखा मरतो". पहिला विचार येतो की वाचवणारी कार्डं वाढवा, डिफ्लेक्टिंग स्वॅट, टिबाल्ट्स ट्रिकरी, अजून काही. पण नोंदी नीट बघितल्या तर तो बहुतेक वेळा टॅप व्हायच्या आधीच मेलाय, म्हणजे कमी हेस्ट पडतेय, किंवा तुम्ही घाई करताय. "हात रिकामा होतो" याचा इलाज ड्रॉ वाढवणं असू शकतो, नाहीतर असाही असू शकतो की तुम्ही क्रेंको चालू असतानाही हातातले सगळे गॉब्लिन खाली ओतताय. तो चालू असला की हातातले दोन-तीन गॉब्लिन दाबून ठेवायचे, वाइप आला की परत उभं राहायला तेच कामाला येतात. म्हणजे कधी कधी कार्ड बदलायचं नसतं, खेळणं बदलायचं असतं, आणि ते फुकट आहे.

नवीन सेट (नव्या कार्डांचा संच) आला की बऱ्याचदा नवीन गॉब्लिन येतात आणि यूट्यूबवाले सगळ्यांनाच "क्रेंकोसाठी मस्ट" म्हणतात. मी दहा कार्डांची एक वेगळी रांग ठेवतो, नवीन आवडलेलं कार्ड आधी तिथे, महिनाभराने पण तितकंच हवंसं वाटलं तर डेकमध्ये. अर्धी कार्डं तिथेच गळतात.

एखादं कार्ड निव्वळ आवडतं म्हणून ठेवायचंय? ठेवा की. दोन-तीन जागा अशा असाव्यातच. फक्त त्या तीनच असू देत आणि त्या कुठल्या हे तुम्हाला माहीत असू दे.

शेवटी स्लीव्हचं. पूर्ण डेकला एकाच पाकिटातल्या स्लीव्ह घाला, आठ-दहा जास्तीच्या जवळ ठेवा कारण पिसताना फाटतातच. फॉइल (चकचकीत) कार्डं मात्र जपून घ्या, कोकणात नाहीतर मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याच्या दमटपणात ती वाकतात, आणि वाकलेलं कार्ड गठ्ठ्यात पाठीमागून ओळखू येतं, म्हणजे स्पर्धेत मार्क्ड कार्ड धरलं जाऊ शकतं. डेकबॉक्समध्ये सिलिका जेलची एक पुडी टाका, नवीन बुटांच्या खोक्यात येते ती चालते.